राजकीय डिस्टोपिया कादंबऱ्या अन् आजच्या बातम्या : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे. एक खोली, दोन कपाटं, आणि त्याच खोलीत एमपीएससीवाल्या पोरांची अभ्यासिका. काही काळापासून आम्ही काही जण मिळून राजकीय डिस्टोपिया प्रकारातल्या कादंबऱ्या वाचतोय, आणि कोणी नवीन आलं की तेच तेच प्रश्न, फोनवर तेच, बाजाराच्या दिवशी भेटले तरी तेच. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. क्रम-बिम काही नाही, काही उत्तरं लांबली कारण ते प्रश्नच तसे आहेत.

डिस्टोपिया कादंबरी म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगा ना ताई

एक काल्पनिक देश किंवा काळ, जिथं राज्य करणाऱ्यांनी "तुमच्या भल्यासाठीच" म्हणत म्हणत माणसाचं सगळं जगणं मुठीत घेतलंय. काय बोलायचं, काय वाचायचं, लग्न कोणाशी, कालचं काय आठवायचं आणि काय विसरायचं, सगळं वरून ठरतं. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गाव कसं असावं ते सांगितलं, ह्या कादंबऱ्या त्याच्या बरोबर उलट्या टोकाला जाऊन कुठवर बिघडू शकतं ते दाखवतात. राक्षस-भुतं बहुतेक नसतात. क्लार्क, मास्तर, नर्स, शेजारी, अशीच माणसं असतात.

टेन्शन काय कमी हाय का, वरून हे कायले वाचाचं?

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. कापसाला भाव नाही, बोंडअळी आहेच, सोयाबीन पिवळं पडलंय, आणि संध्याकाळी टीव्ही लावला की चार जण एकाच वेळी ओरडतात. अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की आता तीनशे पानं दुःख वाच.

पण बातमीचं असं आहे की ती तुकड्यातुकड्यात येते, आज एक तुकडा, उद्या दुसरा, आणि परवा आपण पहिला विसरलेलो असतो. कादंबरी तेच सगळं एका घरात आणून ठेवते आणि शेवटपर्यंत तिथून हलू देत नाही. पॉल लिंच नावाच्या आयरिश लेखकाची "प्रॉफेट साँग" आहे, तिला २०२३ चं बुकर पारितोषिक मिळालं. त्यात एलिश नावाची बाई, चार लेकरं, म्हातारा बाप ज्याची आठवण हळूहळू जात चालली आहे, आणि नवरा शिक्षकांच्या युनियनचं काम करणारा. एका संध्याकाळी दोन पोलीस दारात येतात, नुसतं विचारपूस करायला. बस इतकंच. तिथून पुढं नवरा गायब होतो, पण बाई तरी रोज डबे भरते, पोरांना शाळेत सोडते, बापाला भेटायला जाते, आणि प्रत्येक वेळी तिला वाटतं की एवढं झालं तर झालं, याच्यापुढे काही होणार नाही. बहीण परदेशातून सांगत असते की निघ तिथून, पण ती निघत नाही, कारण नवरा परत आला तर घरी कोण असेल? वाचताना आपणच ओरडतो की अगं निघ ना. आणि मग वाटतं, आपण तरी निघालो असतो का. वावर सोडून कोण जातं.

तर उत्तर हे, की टेन्शन वाढतंच, खोटं कशाला बोलू. पण बातम्यांचं टेन्शन नुसतंच घोंगावत राहतं, इथं निदान कळतं तरी की नेमकी भीती कशाची वाटते आहे. ज्याला नको त्याने वाचू नये, आमच्याकडे विनोदी पुस्तकांचं कपाट पण आहे.

पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

"ॲनिमल फार्म". जॉर्ज ऑरवेल, १९४५. शंभरेक पानांचं आहे, दोन दिवसात होतं. शेतावरची जनावरं मालकाला हाकलून लावतात आणि शेत आपलं आपण चालवायला घेतात, पुढे त्यांच्यातली डुकरं हळूहळू मालक होत जातात. भिंतीवर सात नियम लिहिलेले असतात. त्यातला एक, कोणी पलंगावर झोपायचं नाही. मग डुकरं पलंगावर झोपायला लागतात, बाकीचे भिंतीजवळ जाऊन पाहतात तर तिथं लिहिलेलं असतं की चादर घालून पलंगावर झोपायचं नाही. आणि जनावरांना वाटतं, असंच असेल, आपल्यालाच नीट आठवत नाही.

आमच्यातल्या ज्यांच्या घरी बैलजोडी होती ते सगळे बॉक्सर घोड्यापाशी अडकतात. हा घोडा मरेस्तोवर राबतो, काहीही झालं तरी म्हणतो मी अजून जास्त काम करीन, आणि थकून पडल्यावर डुकरं सांगतात की दवाखान्यात पाठवतोय. गाडी येते. गाडीवर खाटकाचं नाव असतं पण जनावरांना वाचता येत नाही, ते गाडीमागं हात केल्यासारखं निरोप देत असतात, तेव्हा बेंजामिन नावाचं गाढव ओरडून सांगतं की अरे मूर्खांनो काय लिहिलंय ते दिसत नाही का. ह्या गाढवाला डुकरांइतकंच चांगलं वाचता येत असतं, सुरुवातीपासून. पण तो कधी वाचून दाखवत नाही, म्हणतो वाचण्यासारखं आहे काय. मला डुकरांचा पुढारी नेपोलियन, त्याच्यापेक्षा ह्या बेंजामिनचाच राग जास्त येतो. ज्याला वाचता येतं आणि जो गप्प बसतो.

त्याच्यानंतर ऑरवेलचंच "१९८४" घ्या, मग मार्गारेट ॲटवूडचं "द हँडमेड्स टेल". झमयातिन ह्या रशियन लेखकाचं "वी" पहिल्यांदा घेऊ नका, चांगलं आहे पण सुरुवातीलाच घेतलं तर सोडून द्याल.

हे पुस्तक अमुक नेत्यावर लिहिलं आहे ना? खरं सांगा

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येक पक्षाचा माणूस विचारतो, आणि प्रत्येकाच्या मनात समोरच्याचा नेता असतो. आमच्याकडे दोन सख्खे चुलत भाऊ एकच प्रत आळीपाळीने घेऊन गेले, दोघांनीही परत आणताना सांगितलं की ताई हे तर हुबेहूब त्यांच्यावर आहे. त्यांच्यावर म्हणजे एकमेकांच्या पक्षावर.

ऑरवेल स्वतः समाजवादी होता आणि शेवटपर्यंत समाजवादीच राहिला. स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला, १९३७ मध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली तरी वाचला, आणि मग स्टालिनच्या बाजूचे कम्युनिस्ट त्याच्याच सोबत्यांच्या मागे लागले म्हणून बायकोला घेऊन तिथून पळावं लागलं. आपल्याच बाजूचे लोक खोटं कसं रचतात ते त्याने जवळून पाहिलं होतं, "ॲनिमल फार्म" त्यातून आलं. ते १९४४ मध्ये लिहून तयार होतं पण प्रकाशक छापायला तयार नव्हते, कारण तेव्हा महायुद्धात रशिया इंग्लंडचा दोस्त होता, दोस्ताची टिंगल कोण छापणार. पुढे शीतयुद्ध लागलं आणि वारं उलटं फिरलं. १९५४ च्या कार्टून सिनेमाला अमेरिकेच्या सीआयए ह्या गुप्तचर संस्थेने गुपचूप पैसा पुरवला आणि शेवटच बदलून टाकला. पुस्तकात शेवटी डुकरं आणि माणसं एका टेबलावर बसलेली असतात आणि कोण डुक्कर कोण माणूस ते बाहेरून पाहणाऱ्या जनावरांना ओळखू येत नाही. सिनेमात माणसं उडवली, फक्त डुकरं वाईट ठेवली आणि जनावरांकडून त्यांच्याविरुद्ध उठाव करवला. म्हणजे खोटेपणावरच्या पुस्तकाचंच असं करून टाकलं, आता बोला.

माझं म्हणणं इतकंच आहे की नेता शोधत वाचू नका. नेता सापडला की माणूस खूश होतो, पुस्तक मिटतो, झालं काम. त्यापेक्षा पाहा की रोजचं काम कोण करतंय. नियम भिंतीवर रंगवणारा कोण, शिडी कोणी धरली, यादी कोणी टाईप केली, शेजाऱ्याची बातमी कोणी दिली. ह्यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत वरचा माणूस फारसा दिसतच नाही. "१९८४" मधला सर्वोच्च नेता बिग ब्रदर तर फक्त पोस्टरवर अन् पडद्यावर दिसतो, तो खरंच जिवंत आहे का तेही शेवटपर्यंत कळत नाही. दिसतात ते क्लार्क.

बरं मग "१९८४" मध्ये नेमकं पाहायचं काय? मला तर पहिली पन्नास पानं बोअर झाली

विन्स्टन स्मिथची नोकरी पाहा. हा आपला नायक सरकारी नोकर आहे, सत्य मंत्रालयात, रेकॉर्ड विभागात. काम काय, तर जुन्या पेपरात छापलेलं बदलायचं. दुसऱ्या एका मंत्रालयाने वचन दिलेलं असतं की यंदा चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही. मग ते ३० ग्रॅमवरून २० करायचं ठरतं. तर विन्स्टन जुना पेपर काढून तिथलं वचन खोडतो आणि त्याजागी टाकतो की एप्रिलमध्ये रेशन कमी करावं लागू शकतं. जुनी प्रत भिंतीतल्या भोकात, खाली भट्टी. पुढे काही पानांनी टेलिस्क्रीनवर, म्हणजे बातम्या दाखवणाऱ्या आणि पाळतही ठेवणाऱ्या सरकारी पडद्यावर, बातमी येते की रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी बिग ब्रदरचे आभार मानायला मोर्चे काढले. कालच ३० होतं, आज २० वर आणलं, आणि लोक वाढवलं म्हणून नाचतायत. कँटीनमध्ये बसून विन्स्टन आजूबाजूला पाहतो की मला एकट्यालाच आठवतंय का. आणि लक्षात घ्या, हे कारस्थान त्यानेच आपल्या टेबलावर बसून केलेलं असतं, आणि त्याला ते काम आवडतं पण, डोक्याचं काम आहे म्हणून.

आमच्याकडे हा भाग वाचल्यावर गप्पा कुठं गेल्या तर पैसेवारीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिकाचा अंदाज पैशात काढतात, वर्षानुवर्षं नियम असा की ५० पैशांच्या आत आलं तर गाव टंचाईत, वर असलं तर पीक बरं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आता वावरात उभ्या असलेल्या माणसाला दिसतंय की पऱ्हाटीला बोंडं नाहीत आणि कागद म्हणतो गावची पैसेवारी पन्नासच्या वर. एक काका म्हणाले, "मंग माह्या डोयाले दिसते थे खोटं, अन् कागद खरा." मी लगेच सांगते, आपला तलाठी म्हणजे विन्स्टन नाही आणि पैसेवारी म्हणजे काही १९८४ नाही, पीक मोजायला नमुन्याचं वावर निवडण्यात चूक होते, सरासरी काढताना एकाचं बुडालेलं पीक झाकलं जातं, त्यावर हरकत घेता येते, मोर्चा काढता येतो आणि आपण काढतो पण. विन्स्टनच्या देशात हरकत घ्यायची सोयच नाही. पण कागदावरचं आणि वावरातलं यातलं अंतर काय असतं हे आपल्याला पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर कळतं, आणि त्याच्यामुळे ही कादंबरी आपल्याकडे जास्त चांगली वाचली जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी बोअर झालं असेल तर मध्ये राज्याचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टीनचा म्हणून एक लांबलचक ग्रंथ येतो, तो खुशाल चाळून पुढं जा. मी कोणाला सांगणार नाही.

लेखकांना इतकं आधीच कसं कळलं? हे तर आजच्या बातमीसारखंच आहे

त्यांना काही कळलं नव्हतं. भेंडवळची घटमांडणी नाही ती, की अक्षय्य तृतीयेला धान्य मांडलं आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, पीक आणि राजा सगळ्यांचं भाकीत सांगितलं.

ऑरवेलने आजूबाजूचंच उचललं. दुसऱ्या महायुद्धात तो बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होता, म्हणजे हिंदुस्थानासाठीचे कार्यक्रम करायचा, सरकारी सेन्सॉरच्या नजरेखाली. त्याचा जन्म बिहारात मोतिहारीचा, बाप अफूच्या खात्यात नोकरीला, आणि तरुणपणी तो स्वतः बर्मात पोलीस अधिकारी होता. म्हणजे लोकांवर पाळत ठेवणाऱ्या राज्याच्या आतून आलेला माणूस. इकडे स्टालिनच्या रशियात मर्जीतून उतरलेल्या माणसाला जुन्या फोटोतून खरोखर पुसून टाकायचे, त्याची कल्पना कोणाला करायची गरजच नव्हती. ॲटवूडने तर १९८५ च्या कादंबरीसाठी स्वतःला नियमच घालून घेतला होता की माणसांनी कुठं ना कुठं कधी ना कधी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात टाकायचं नाही.

म्हणजे ही पुस्तकं पुढचं सांगत नाहीत, मागचं गोळा करून एका जागी ठेवतात. आजच्या बातमीसारखं वाटतं कारण माणसाच्या युक्त्या मोजक्याच आहेत, त्याच परत परत. म्हणून बातम्या तापल्या की खप वाढतो. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या स्नोडेनने तिथल्या सरकारी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा "१९८४" चा खप उसळला, आणि २०१७ च्या जानेवारीत ट्रम्पच्या सल्लागार बाईंनी टीव्हीवर "पर्यायी तथ्यं" असं काहीतरी म्हटलं तर पुस्तक ॲमेझॉनवर पहिल्या नंबरवर गेलं. तेव्हा ते ६७ वर्षं जुनं होतं.

बचत गटाच्या बायकांनी कोणतं वाचावं?

कोणतंही. पण "हँडमेड्स टेल" मधला एक भाग आम्ही मोठ्याने वाचला आणि त्यानंतर चहा थंड झाला तरी कोणी उठेना. नायिका दुकानात जाते, कार्ड चालत नाही. ऑफिसात जाते तर सगळ्या बायकांना त्याच दिवशी कामावरून काढतात. मग कळतं की देशातल्या सगळ्या बायकांची खाती एका दिवसात गोठवली, पैसा आता नवऱ्याच्या किंवा घरातल्या पुरुषाच्या नावावर. घरी येते तर नवरा चांगला आहे हो, प्रेमळ आहे, तो म्हणतो काळजी करू नको, मी आहे ना. आणि तिला त्याच्या ह्याच वाक्याने भीती वाटते.

यावर एक मावशी एवढंच बोलली की माझं पासबुक कोणत्या डब्यात आहे ते मला माहीत आहे, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे ते पण माहीत आहे. बाकीच्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्या दिवशी पुस्तकातल्या गिलियाद देशाबद्दल नंतर कोणी बोललंच नाही, कार्डाचा पिन कोणाला माहीत आहे यावरच तासभर गेला. मला वाटतं चर्चा अशीच व्हायला पाहिजे.

सरकारी ऑफिसात चकरा मारून मारून जीव जातो, सर्व्हर डाऊन, अंगठा जुळत नाही, ह्यावर काही पुस्तक आहे का?

आहे बाप्पा. काफ्काचं "द ट्रायल". बँकेत चांगल्या पोस्टवरचा योसेफ के. तिसाव्या वाढदिवशी सकाळी उठतो तर त्याला अटक झालेली असते, गुन्हा काय ते कोणी सांगत नाही, आणि वरून कामावर जायची मोकळीक पण असते. पुस्तकभर तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर. कोणी दुष्ट नाही, प्रत्येक जण म्हणतो की हे माझ्या हातात नाही. काफ्का १९२४ मध्ये गेला, पुस्तक त्याच्या मागं १९२५ मध्ये आलं. आणि तो नोकरी काय करायचा माहीत आहे? विम्याची! प्राग शहरात कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत. पीक विम्याचा क्लेम भरलेल्या माणसाला काफ्का समजावून सांगावा लागत नाही. (आमच्याकडे एका दादाने हे पुस्तक सेतू केंद्राच्या लायनीत उभं राहून संपवलं.)

आम्ही आणीबाणी पाहिली आहे, आम्हाला काय पुस्तक दाखवता?

गुरुजी, तुम्हीच आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेतो. २५ जून १९७५ ला लागली, मार्च १९७७ ला उठली, आमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्म पण नव्हता. आपल्या वर्ध्याजवळ पवनारला विनोबा होते, तेव्हा मौनात. त्यांच्या नावावर आलेलं "अनुशासन पर्व" सरकारने भिंतीभिंतीवर रंगवलं, आणि विनोबांनी नंतर खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, राज्यकर्त्यांचं नाही, पण खुलासे भिंतीवर कोण रंगवतं. पुढे १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाची घोषणा केली तेव्हा त्याच पवनार आश्रमातून निघणाऱ्या "मैत्री" चे अंक पोलिसांनी जप्त केले. म्हणजे ज्याचा शब्द पोस्टरवर, त्याचंच मासिक जप्त. कादंबरीत लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते जरा जास्तच झालं.

त्याच काळात "किस्सा कुर्सी का" सिनेमाच्या प्रिंट नष्ट केल्या गेल्या, तो नंतर १९७८ मध्ये परत बनवून लावला. आणि कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढं त्यांना अटक झाली. हे सगळं खरं घडलेलं. त्याच्यामुळे जे म्हणतात की असलं काही आपल्याकडे होऊच शकत नाही, त्यांना गुरुजींकडे पाठवायचं.

भारतात कोणी असं लिहिलंय का? मराठीत?

इंग्रजीत बरंच आहे. प्रयाग अकबर यांचं "लैला" २०१७ चं, त्यात शहरं जाती-धर्माच्या भिंती घालून वाटून घेतलेली आणि एक आई हरवलेली मुलगी शोधतेय, त्याची वेब सिरीज पण आली. त्याच वर्षी नयनतारा सहगल यांचं "व्हेन द मून शाइन्स बाय डे" आलं, त्यात एका बाईच्या लक्षात येतं की तिच्या वडिलांनी लिहिलेली इतिहासाची पुस्तकं दुकानांतून गुपचूप नाहीशी होत आहेत.

नाव ओळखीचं वाटलं ना. ह्याच त्या. २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला ज्यांना निमंत्रण गेलं आणि मग मागे घेतलं गेलं. उद्घाटन शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या एका ताईच्या हातून झालं, आणि ती बोलली पण जोरदार. सहगल यांचं न झालेलं भाषण मात्र मोबाईलवर इतकं फिरलं, की संमेलनात झालं असतं तर मंडपातल्या पुढच्या चार रांगांनी ऐकलं असतं, तेवढंच.

मराठीत निव्वळ ह्या साच्यातली राजकीय कादंबरी कमीच, पण राजाला टोचायची सवय आपल्याला जुनी आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असतात आणि कोणीतरी झडती, म्हणजे टोमण्यांची गाणी, सुरू करतो, भाव, कर्ज, पुढारी, तलाठी, कोणाला सोडत नाही, आणि शेवटी सगळे मिळून हर बोला हर हर महादेव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बडग्या, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, निघतात त्यात त्या वर्षीची महागाई असते, भ्रष्टाचार असतो. तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत खडी गंमत हे लोकनाट्य आहे, रात्रभर चालणारी नाटकं आहेत. फरक एवढा की झडती झालेल्या गोष्टीवर हसवते, आणि ह्या कादंबऱ्या न झालेल्या गोष्टीपर्यंत ओढत नेतात. मला दोन्ही पाहिजे. आणि कोणी झाडीपट्टीतल्या लेखकाने रात्रभराचं डिस्टोपिया नाटक लिहिलं तर मी त्या नाटकांच्या गावी, वडसाला, पाहायला येणार, सांगून ठेवते.

मोबाईल हाच मोठा डिस्टोपिया आहे असं नाही का वाटत?

वाटतं. म्हणूनच हक्सलीचं "ब्रेव्ह न्यू वर्ल्ड" वाचा, १९३२ चं आहे. त्यात मारहाण फारशी नाहीच, लोकांना सोमा नावाची गोळी देतात, खाल्ली की बरं वाटतं, मग कोण कशाला भांडेल. आणि ब्रॅडबरीचं "फॅरनहाइट ४५१", १९५३. त्यात आगीचे बंबवाले आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. पण सगळ्यांना जाळणं लक्षात राहतं आणि एक गोष्ट सुटते, बंबवाल्यांचा साहेबच सांगतो की हे वरून हुकूम येऊन सुरू नाही झालं, लोकांनीच आधी वाचणं सोडलं, आम्ही नंतर आलो. नायकाची बायको दिवसरात्र कानात छोटे रेडिओ खुपसून असते आणि तीन भिंतींवर टीव्ही, चौथी भिंत घेऊ म्हणून नवऱ्यामागे लागलेली. ब्लूटूथ कानात घालून ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या भावाला मी हा भाग वाचून दाखवला. त्याला ऐकूच गेलं नाही.

इंग्रजी जमत नाही. आणि पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत.

ऑरवेलच्या दोन्ही पुस्तकांचे मराठी अनुवाद आहेत, वाचनालयात मागा, नसेल तर मागणीच्या वहीत लिहा, मागणी लिहिली की कधीतरी येतं. इंग्रजी वाचत असाल तर अजून सोपं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. ऑरवेल १९५० मध्ये गेला, म्हणजे त्याची पुस्तकं भारतात २०११ पासून मोकळी. हक्सली १९६३ मध्ये गेला, तो २०२४ पासून मोकळा. काफ्का आणि झमयातिन कधीचेच, पण जपून, अनुवादाचा कॉपीराइट वेगळा असतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या ऑस्ट्रेलियातल्या साइटवर ऑरवेल फुकट आहे, कायदेशीर. ब्रॅडबरी आणि ॲटवूडची पीडीएफ मात्र कोणी ग्रुपवर टाकली तर ती चोरीची, आमच्या ग्रुपवर चालणार नाही.

हे वाचतो म्हटलं की गावात लोक म्हणतात राजकारण करते. ग्रुपवर काही टाकू का?

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर टाकू नका, सरळ सांगते. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तुम्ही डुक्कर लिहिलं की तीन जणांना वाटतं आपल्यालाच म्हटलं. पुस्तकाचं पान फोटो काढून खाली नेत्याचं नाव टाकणं हा प्रकार तर अजिबात नको, एक तर भांडण होतं आणि दुसरं म्हणजे पुस्तक बाजूलाच राहतं. समोरासमोर बसून बोला. आमचा एकच नियम आहे, बोलताना आधी पुस्तकातला प्रसंग सांगायचा, पान दाखवायचं, मग आपलं मत. ज्याला पान दाखवता येत नाही त्याने पुढच्या वेळी वाचून यावं. एवढ्या एका नियमाने अर्धी भांडणं होतच नाहीत.

पोरांना देऊ का?

"ॲनिमल फार्म" आठवी-नववीपासून चालतं. "१९८४" मध्ये शेवटी छळाची पानं आहेत, उंदरांचा तो पिंजरा मोठ्यांनाही झेपत नाही, ते बारावीनंतर.

सगळ्यांचा शेवट वाईटच का? एक तरी चांगला करायचा ना

तसं दिसतं पण शेवटची पानं नीट वाचा, लोक गोष्ट संपली की पुस्तक मिटतात. "१९८४" च्या मागे त्यांच्या सरकारी भाषेवर एक परिशिष्ट आहे, कंटाळवाणं दिसतं म्हणून सगळे सोडतात. ते पूर्ण भूतकाळात लिहिलेलं आहे, अशी भाषा होती, असं करायचे. म्हणजे लिहिणारा त्या राज्यानंतरचा माणूस आहे, राज्य गेलं, असं काही वाचक मानतात आणि मी पण मानते. "हँडमेड्स टेल" च्या शेवटी तर सरळ २१९५ सालची प्राध्यापकांची परिषद आहे, गिलियाद तेव्हा इतिहासात जमा झालाय. मात्र ते प्राध्यापक त्या बाईच्या दुःखावर विनोद करतात ते मला अजून खुपतं.

आणि "फॅरनहाइट" मध्ये गावाबाहेर, रेल्वेच्या जुन्या रुळांकडे राहणारी माणसं आहेत, प्रत्येकाने एक एक पुस्तक तोंडपाठ केलेलं. तुकडोजी महाराजांच्या मोझरीकडच्या भजनी मंडळातल्या माणसाला हे काही नवल वाटणार नाही. आमच्या गावात एक आजोबा आहेत, ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांपैकी कोणताही सांगा, चश्मा न शोधता सुरू करतात. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मंग त्याईनं पाठांतर अगोदरच काहून नाही केलं, पुस्तकं जयाची वाट कायले पाह्यली?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि ब्रॅडबरीजवळ असतं असंही वाटत नाही.

सध्या काय वाचताय, आणि यायचं असेल तर कधी?

"वी" घेतलंय. झमयातिनने १९२०-२१ मध्ये लिहिलं, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत आलं आणि त्याच्या स्वतःच्या रशियात छापायला १९८८ उजाडलं. घरं काचेची, माणसांना नावाऐवजी नंबर. कापूस वेचणीच्या दिवसात जमणं होत नाही, बाया वावरात असतात आणि संध्याकाळी कोणाच्या अंगात त्राण नसतो, त्याच्यामुळे वेचणी आटोपली की बसू. रविवारी दुपारी, बाजार नसेल त्या दिवशी. प्रती दोनच आहेत, त्यातली एक गुरुजींकडे आहे.